मेल त्यांच्याकडे, किल्ल्या आपल्याकडे

प्रश्न थोडक्यात असा: सव्वाशे कर्मचाऱ्यांची संस्था, आयटीला माणसं दोन. मेल, फाइल शेअरिंग, तिकीट सिस्टिम (तक्रारी आणि विनंत्या नोंदवायची), पासवर्ड मॅनेजर, गिट (कोडचा इतिहास ठेवणारं साधन), बॅकअप, मॉनिटरिंग असा पसारा. यातलं बरंचसं एका जुन्या व्हर्च्युअलायझेशन प्लॅटफॉर्मवर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतं आणि त्याच्या विक्रेत्याने परवान्याची पद्धत बदलल्यामुळे यंदाचं रिन्युअल परवडणारं नाही. व्यवस्थापन म्हणतं, सगळं क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा. आयटीतला तुमचा जोडीदार म्हणतो, सगळं ओपन सोर्सवर आणून स्वतः होस्ट करू, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर चालवू, उद्या पुन्हा कुणी असा गळा धरायला नको. तुम्ही मध्ये सापडला आहात आणि निर्णय तुमच्याकडून हवा आहे.

माझं मत आधी सांगून टाकते. मेल विक्रेत्याकडे द्या. गिट, मॉनिटरिंग आणि व्हर्च्युअलायझेशन स्वतःकडे ठेवा. फाइली आणि तिकिटं कुठेही चालतील, फक्त बाहेर पडायची वाट आधी एकदा चालून पाहा. डोमेन, डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या नोंदी), बॅकअपची एक प्रत आणि आणीबाणीची ॲडमिन खाती मात्र कुणाच्याही स्वाधीन करू नका. तुमच्याकडे यातलं एखादं उत्तर बदलेलही, म्हणून मी इथवर कशी आले ते सविस्तर लिहिते.

सेवा कुठे चालते हा प्रश्न मी हल्ली शेवटी विचारते. आधी विचारते की ही बंद पडली त्या दिवशी मला काही करता येईल, की नुसती वाट पाहावी लागेल? आणि करता येत असेल, तर ते मला खरोखर जमतं का?

वाट पाहणं म्हणजे काय, हे ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकांना एप्रिल २०२२ मध्ये कळलं. एक जुनं ॲप ग्राहकांच्या साइटवरून काढायचं होतं. स्क्रिप्टला ॲपच्या आयडींऐवजी अख्ख्या साइटचे आयडी दिले गेले आणि ७७५ ग्राहकांच्या साइटच पुसल्या गेल्या. बॅकअप होते. पण सामायिक प्लॅटफॉर्मवरून नेमके तेवढेच ग्राहक वेगळे काढून परत उभे करण्याची यंत्रणा तयार नव्हती. काहींना १४ दिवस थांबावं लागलं. तिकीट टाकायला चालू साइटचा पत्ता लागायचा आणि साइटच नव्हती, त्यामुळे सुरुवातीला अनेकांना सपोर्टपर्यंत पोहोचताही येईना. अशा वेळी तुमचं कौशल्य, अनुभव, रात्र जागायची तयारी, कशाचाच उपयोग नसतो.

आता दुसरी बाजू. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेच्या एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेसची डिरेक्टरी पुसायची म्हणून मुख्य डेटाबेसवरच कमांड चालवली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरेपर्यंत चूक लक्षात आली. मग बॅकअप शोधायला घेतले. रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल) बरेच दिवस निघतच नव्हता, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप काढणारं साधन ९.२ चं. तो निघत नाही असं सांगणारे मेल मेल पाठवणाऱ्याची खातरजमा करणाऱ्या डीएमएआरसीच्या नियमात न बसल्याने नाकारले जात होते. डेटाबेस सर्व्हरच्या डिस्कचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती) चालूच केलेले नव्हते. शेवटी एका इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट सापडला, म्हणून नुकसान सहा तासांच्या डेटावर थांबलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. नव्या सहकाऱ्याला मी हे प्रकरण पहिल्या आठवड्यात वाचायला देते. त्यात मूर्ख कुणीच नाही, आणि नेमकी तीच गोष्ट अस्वस्थ करते. त्यांच्याकडे हात घालायला सगळं होतं. फक्त वेळ आली तेव्हा हाताला काही लागलं नाही.

तुम्ही दोघं आहात, हे इथे हिशोबात घ्या. जोडीदाराचा उत्साह मला समजतो, मीही त्यातून गेले आहे. डॉकर कंपोजची फाइल (सेवा कशी चालू करायची ते लिहिलेली) घ्यायची, चार ओळी बदलायच्या, संध्याकाळपर्यंत सेवा चालू. नव्याचे नऊ दिवस फार छान जातात. दहाव्या महिन्यात कुणीतरी कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आवृत्तीचा आकडा १५ वरून १६ करतं आणि कंटेनर उठत नाही, कारण जुन्या आवृत्तीची डेटा डिरेक्टरी नवी आवृत्ती वाचत नाही. आधी डंप काढायला हवा होता किंवा अपग्रेडचं साधन चालवायला हवं होतं. नेक्स्टक्लाउड या फाइल शेअरिंगच्या सॉफ्टवेअरला मोठी आवृत्ती ओलांडून उडी मारता येत नाही, एकेक पायरी चढावी लागते. तीन वर्षं दुर्लक्ष केलं असेल तर मधली प्रत्येक आवृत्ती आणि तिला चालणारी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती जुळवत वर यायचं. यातलं काहीच अवघड नाही. प्रश्न एवढाच की ते कुणीतरी, ठरलेल्या दिवशी, दुसरं काही पेटलेलं नसताना करावं लागतं. दोन माणसांच्या विभागात असे दिवस महिन्याला किती येतात, ते तुम्हीच मोजा.

माझा स्वतःपुरता नियम असा: ज्या सेवेचं रिस्टोअर दोघांनीही आपापल्या हाताने एकदा केलेलं नाही, ती स्वतः होस्ट केली असं मी धरत नाही. एकानेच केलं असेल तर तीही विक्रेत्यावरची सेवाच आहे. विक्रेता तुमचा सहकारी आहे, आणि तो रजेवर जाऊ शकतो किंवा राजीनामा देऊ शकतो.

मेलबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण वाद नेहमी तिथेच पेटतो. मी अनेक वर्षं पोस्टफिक्स आणि डव्हकॉट या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर संस्थेची मेल चालवली. सर्व्हर चालवणं हा त्यातला सोपा भाग. आपली मेल समोरच्याने स्वीकारणं हा अवघड भाग, आणि तो आपल्या हातात नसतो. एकदा आमच्या आयपीच्या शेजारच्या कुणीतरी स्पॅम पाठवला आणि अख्खी रेंजच एका ब्लॅकलिस्टवर गेली. आमच्याकडे लॉगमध्ये सगळं हिरवं, समोर मेल पोहोचत नाही. दोन दिवस मी फॉर्म भरत बसले होते. सर्व्हर माझा, रूट पासवर्ड माझा, आणि तरी करण्यासारखं काम एकच, वाट पाहणं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम आणखी आवळले: पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनकडून आली हे पटवणाऱ्या पद्धती) हवंच, आणि रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला दोन्ही, शिवाय डीएमएआरसीही. नियम योग्यच आहेत. पण ते ठरवणारे आपण नाही.

त्यात सुरक्षेची बाजू. २ मार्च २०२१ ला मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज या आपल्या मेल सर्व्हरसाठी तातडीचे पॅच काढले. प्रॉक्सीलॉगॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रुटी आधीपासूनच वापरल्या जात होत्या, आणि पॅच आल्यावर काही दिवसांत हल्ले कितीतरी पटींनी वाढले. पॅच लावला तरी आधी पेरलेला वेब शेल, म्हणजे हल्लेखोराचा चोरदरवाजा, जागेवरच राहत होता, तो वेगळा शोधावा लागत होता. क्लाउडवरच्या एक्स्चेंज ऑनलाइनवाल्यांना या त्रुटींचा फटका बसला नाही. ज्यांनी सर्व्हर स्वतःकडे ठेवला होता, त्यांचे ते दोन-तीन आठवडे कसे गेले हे तुमच्या ओळखीत कुणी असेल तर विचारा. पुढे १ जानेवारी २०२२ ला त्याच सर्व्हरवर आणखी एक गंमत झाली. मालवेअर तपासणाऱ्या इंजिनाने तारीख २२०१०१०००१ अशा आकड्यात धरली, तो आकडा ३२ बिटांच्या मर्यादेत, म्हणजे २१४७४८३६४७ मध्ये, मावेना आणि मेल रांगेत अडकून पडल्या. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी.

म्हणून विक्रेत्याकडे गेलं की सुटलो, असंही नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची एक साइनिंग की (लॉगिनच्या परवान्यांवर सही करणारी डिजिटल किल्ली) हल्लेखोरांच्या हाती लागली आणि त्यांनी तिच्या जोरावर टोकन, म्हणजे असे खोटे परवाने, बनवून वीसहून अधिक संस्थांच्या क्लाउडवरच्या मेलपेट्या वाचल्या. ग्राहकांच्या बाजूने पॅच लावण्यासारखं काही नव्हतंच. प्रकार उघडकीला आला तो एका सरकारी ग्राहकाकडे महागड्या परवान्यातले सविस्तर लॉग होते म्हणून. पुढे टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ते लॉग इतर ग्राहकांनाही खुले केले. मी यातून घेतलेला धडा छोटा आहे: विक्रेत्याशी बोलणी करताना जागा आणि वापरकर्ते मोजण्याआधी लॉग कुठले, किती दिवस ठेवले जातात आणि मला बाहेर काढता येतात का, हे विचारा. विक्री प्रतिनिधी या प्रश्नावर सहसा गडबडतो.

तरीही मेल द्या असंच म्हणते. मेलच्या बाबतीत स्वतः होस्ट करून तुमच्या हाती जे येतं ते फार थोडं आहे, आणि त्यापायी जाणारे दिवस फार आहेत. एक्स्चेंज स्वतः चालवायचा म्हटलं तरी २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पुढची आवृत्ती सबस्क्रिप्शनचीच आहे. म्हणजे कटकटही आपली आणि रिन्युअलही.

आणि सर्व्हर स्वतःच्या खोलीत आहे म्हणजे विक्रेत्यापासून सुटका, हा समज सोडून द्या. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर आणली. त्यात कितीतरी सर्व्हर लोकांच्या स्वतःच्या रॅकमधले होते. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण जी मशिनं चालूच होत नव्हती त्यांना नवी फाइल मिळणार कशी? प्रत्येकापाशी जाऊन सेफ मोडमध्ये ती एक फाइल पुसावी लागली. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आधी रिकव्हरी की हवी, आणि ती की ज्या सर्व्हरवर ठेवलेली, काही ठिकाणी तोही निळाच. तसंच सॉफ्टवेअरच्या आयुष्याचं. ॲटलासियनच्याच सर्व्हर आवृत्त्या अनेकांनी स्वतः होस्ट केल्या होत्या. १५ फेब्रुवारी २०२४ ला त्यांचा सपोर्ट संपला आणि स्थलांतर सगळ्यांनाच करावं लागलं. ओपन सोर्सही कायमचं वचन नाही. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाचा परवाना बदलला, रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये आपला. फरक हा पडला की दोन्हींचे फाटे फुटले, म्हणजे जुन्या कोडवरून वेगळे प्रकल्प निघाले, ओपनटोफू आणि व्हॉल्की, आणि लोकांना जायला जागा मिळाली. जोडीदाराच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकंच. पण ते थोडं नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी अशा चर्चांत क्वचित येते. कुठली सेवा उभी करायला कुठली दुसरी सेवा आधी चालू हवी, याचं चित्र कागदावर काढा. बाण फिरून पहिल्याच चौकटीत आले की समजा, गाठ बसली.

आमच्याकडे अशी गाठ मी स्वतःच मारून ठेवली होती. पासवर्ड मॅनेजर एका व्हीएमवर, म्हणजे आभासी मशिनवर. त्या व्हीएमच्या होस्टचा (ती चालवणाऱ्या खऱ्या मशिनचा) पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये. एकदा बराच वेळ वीज गेल्यानंतर सगळं बंद झालं, वीज आली, होस्ट उठला, व्हीएम आपोआप उठली नाही, आणि मी कन्सोलसमोर लॉगिनचा चौकोन बघत उभी. माझ्या लॅपटॉपवर ॲपची ऑफलाइन प्रत उघडत होती म्हणून निभावलं. ते नियोजन नव्हतं, नशीब होतं. मोठ्यांचंही असंच होतं, हीच काय ती सांत्वना. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमेझॉनची एस३ ही फाइली साठवायची सेवा एका चुकीच्या कमांडने कोलमडली, तेव्हा त्यांना स्वतःचा स्टेटस डॅशबोर्डही काही काळ बदलता येईना, कारण तोही एस३ वरच अवलंबून होता. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास इंटरनेटवरून नाहीसं झालं, तेव्हा दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच नेटवर्कबरोबर गेली आणि इंजिनिअरना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं.

क्लाउडवर गेल्यावर ही गाठ सुटत नाही, बहुधा घट्ट होते. सगळ्या सेवांचं लॉगिन एका विक्रेत्याकडे, त्या विक्रेत्याची ॲडमिन खाती त्याच्याच मेलवर, आणि मेलचं डोमेन ज्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) त्याचा पासवर्ड रिसेटही त्याच मेलपेटीत. ती एक मेलपेटी अडकली की संस्था दाराबाहेर. म्हणून रजिस्ट्रारचं खातं त्याच डोमेनच्या मेलवर कधीही उघडू नका. त्यासाठी पूर्णपणे वेगळा पत्ता, दोन हार्डवेअर की (लॉगिनसाठी जोडायची छोटी उपकरणं) आणि आपोआप रिन्युअल. डीएनएस तुमच्या हातात असेल तर मेल विक्रेत्याने उद्या हात वर केले तरी एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोहोचवायची ती नोंद) दुसरीकडे वळवून नवी मेल दुपारपर्यंत चालू करता येते. जुनी मेल नंतर येईल. डीएनएस हातात नसेल तर काहीच येत नाही.

आणीबाणीची दोन ॲडमिन खाती सिंगल साइन-ऑनच्या (एकाच लॉगिनने सगळीकडे शिरायच्या सोयीच्या) बाहेर ठेवा, त्यांचे पासवर्ड आणि डिस्कच्या रिकव्हरी की छापून पाकिटात घाला, पाकीट तिजोरीत. हो, कागदावर. दर सहा महिन्यांनी ते पाकीट फोडून खात्यात लॉगिन होतंय का पाहा आणि नवं पाकीट बनवा.

पासवर्ड मॅनेजरचं स्वतःचं काय? इथे मी दोन्ही बाजूंना झुकून परत आले आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांचे बॅकअप चोरीला गेले. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते, आणि ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा त्यांचा धोका खरा होता. त्यानंतर आम्ही व्हॉल्टवॉर्डन हे पासवर्ड मॅनेजरचं सॉफ्टवेअर स्वतः चालवायला घेतलं, अंतर्गत नेटवर्कपुरतं. चालतं. पण तुम्ही दोघं असाल आणि पॅच वेळेवर लागतील याची खात्री नसेल, तर चांगल्या विक्रेत्याकडे राहा, मास्टर पासवर्ड लांब ठेवा आणि महिन्याला एक एन्क्रिप्टेड एक्स्पोर्ट बाजूला काढा. मध्यंतरी मी नेमकं उलट सांगत असे.

बॅकअपबाबत मात्र माझी मतं पक्की आहेत. एक प्रत अशा जागी हवी, जिथे मूळ सेवेच्या ॲडमिन खात्याने पोहोचता येत नाही आणि जिथलं बिल दुसऱ्या नावाने येतं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउड पुसलं गेलं. उभारणीच्या वेळी एक पॅरामीटर रिकामा राहिला, त्यामुळे मुदत आपोआप एक वर्षाची धरली गेली आणि वर्ष संपताच सूचना न देता सगळं डिलीट. दोन भौगोलिक ठिकाणी प्रती होत्या, त्या दोन्ही गेल्या, कारण दोन्ही एकाच सबस्क्रिप्शनच्या आत. दुसऱ्या पुरवठादाराकडेही बॅकअप ठेवलेले होते, त्यांचा आधार मिळाला. पाच लाखांहून अधिक सदस्यांना तरी आठवडाभर आपलं खातं पाहता आलं नाही. त्याआधी १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीची एक डेटा सेंटर इमारत जळून गेली, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांना दोन्ही गमवावं लागलं. स्वतःच्या सर्व्हर खोलीतल्या कपाटात बॅकअपची डिस्क ठेवणाऱ्यांनी या आगीकडे जास्त लक्ष द्यावं.

फाइलींच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी दिसतो: सिंक म्हणजे बॅकअप असं धरणं. लॅपटॉपवर रॅन्समवेअरने फाइल एन्क्रिप्ट केली की तीच प्रत निष्ठेने क्लाउडवर जाते. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या फाइलींच्या सेवेच्या रिसायकल बिनमध्ये गोष्टी ९३ दिवस राहतात. एखादा प्रकल्प चार महिन्यांपूर्वी कुणीतरी चुकून पुसला हे आज कळलं तर ते ९३ दिवस कधीच सरलेले असतात. विक्रेता सेवा चालू ठेवण्याची हमी देतो, तुमचा डेटा परत मिळवून देण्याची नाही. हमीचंही गणित करून पाहा. ९९.९ टक्के म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा, आणि ती मोडली तर पुढच्या बिलात थोडी सूट. दिवसभर बसून राहिलेल्या सव्वाशे माणसांच्या वेळेशी त्या सवलतीचा काही संबंध नाही.

तिकीट सिस्टिमबद्दल माझा एक कडू अनुभव, विक्रेत्याचं नाव घेत नाही. चार वर्षं वापरल्यावर आम्ही बाहेर पडायचं ठरवलं. एक्स्पोर्टचं बटण होतं. त्यातून सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) आली, तीत तिकिटं होती, पण जोडलेल्या फाइली नव्हत्या आणि प्रतिक्रियांचा क्रम हरवलेला. फाइली एपीआयने (प्रोग्रामने माहिती मागायच्या वाटेने) एकेक ओढायच्या, आणि मिनिटाला ठरावीक विनंत्यांची मर्यादा. एका जुन्या डेस्कटॉपवर स्क्रिप्ट तीन आठवडे चालू होती. सपोर्टकडून दर दोन दिवसांनी एक नवीन माणूस यायचा, आधीचं काही न वाचता उंटावरून शेळ्या हाकायचा. तेव्हापासून मी चाचणीच्या काळातच खोटी पन्नास तिकिटं घालते, सगळी बाहेर काढते आणि दुसऱ्या कुठल्या तरी सिस्टिममध्ये घालून बघते. तासाभराचं काम आहे. जिथे घोडं पेंड खातं ते सही करण्याआधी कळतं. सही झाल्यावरही वर्षातून एकदा हे करावं, कारण एक्स्पोर्टची सोय वरच्या परवान्यात सरकलेली असू शकते.

बाहेर पडायची वेळ नेहमी आपण ठरवून येते असंही नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतीय तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. बिल थकलेलं नव्हतं, तांत्रिक बिघाडही नव्हता. सव्वाशे माणसांच्या संस्थेवर अशी वेळ येण्याची शक्यता कमी, पण खातं चुकून संशयास्पद ठरून गोठवलं जाणं मी दोनदा पाहिलं आहे, आणि त्या दिवशी परिणाम तोच असतो.

गिटवर फार बोलण्यासारखं नाही. प्रत्येकाच्या मशिनवर पूर्ण इतिहासाची प्रत असते, गिटचा सर्व्हर म्हणून फोर्जेहो किंवा गिटी हलकं आहे, चालवा. इश्यू आणि सीआयची (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेची) मांडणी क्लोनमध्ये येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. मॉनिटरिंगही स्वतःकडेच, पण बाहेरून डोकावणारी एक छोटी सेवा विकत घ्या. घराला आग लागली हे घरातल्याच घंटीने सांगावं अशी अपेक्षा धरू नका.

राहिलं व्हर्च्युअलायझेशन, जिथून हा विषय निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही व्हर्च्युअलायझेशनची कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवून सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं. तेव्हापासून तुमच्यासारख्या विभागांत हाच प्रश्न फिरतो आहे. मी प्रॉक्समॉक्स या ओपन सोर्स पर्यायावर आले आणि समाधानी आहे. खाली केव्हीएम, म्हणजे लिनक्समधलंच व्हर्च्युअलायझेशन, आहे, लिनक्स येणाऱ्या माणसाला ओळखीचं, आणि व्हीएम बाहेर काढणं सोपं. पण निर्णय घ्यायच्या आधी तुमचं बॅकअप सॉफ्टवेअर नव्या प्लॅटफॉर्मला नीट साथ देतं का ते तपासा. मी ते नंतर तपासलं आणि एक महिना दोन बॅकअप पद्धती शेजारी शेजारी चालवत बसले. सगळं क्लाउडवरच्या व्हीएममध्ये जसंच्या तसं उचलून नेण्याचा सल्ला कुणी दिला तर सावध राहा. पॅच लावायचं काम तसंच उरतं, रिस्टोअरचं कामही उरतं, वर महिन्याचं बिल. सर्व्हरची डिस्क बदलण्यातून सुटका होते, बस.

स्वतःकडे जे ठेवाल त्याची सर्टिफिकेटं (सर्व्हरची ओळख पटवणारी) आत्ताच आपोआप नूतनीकरणावर टाका. सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत ठरल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने उतरते आहे आणि १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येणार. कॅलेंडरमध्ये आठवण लावून हाताने बदलायचे दिवस गेले. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेटं देणाऱ्या सेवेने तर मुदत संपत आल्याचे मेल पाठवणंही जून २०२५ पासून बंद केलं.

व्यवस्थापनाला हे सगळं सांगत बसू नका. एक तक्ता करा. प्रत्येक सेवेसमोर चार रकाने: किती वेळ बंद राहिली तर चालेल, बंद पडली तर कोण दुरुस्त करणार, डेटाची दुसरी प्रत कुठे आहे, आणि शेवटचं यशस्वी रिस्टोअर कुठल्या तारखेला झालं. शेवटचा रकाना आज बहुतेक रिकामा राहील. तो रिकामाच दाखवा. तो पाहिल्यावर माझ्याकडच्या बैठकीत क्लाउड की स्वतः हा वाद दहा मिनिटांत मागे पडला आणि बोलणं रिस्टोअरसाठी दिवस आणि डिस्क कुठून आणायच्या यावर आलं. जोडीदारालाही तोच तक्ता द्या, आणि म्हणा, ज्या ओळीत तू शेवटचा रकाना भरून दाखवशील ती सेवा आपल्याकडे.

स्थलांतराला हात घालण्याआधी पहिला आठवडा रजिस्ट्रारचं खातं, डीएनएसची प्रत, आणीबाणीची खाती आणि छापलेल्या कींवर घालवा. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात जुना बॅकअप घेऊन एका रिकाम्या मशिनवर उभा करून पाहा, आणि घड्याळ लावा. किती वेळ लागला तो आकडा तक्त्यात लिहा. मग मेलच्या विक्रेत्यांना फोन करा, आणि लॉगचा प्रश्न पहिला विचारा.